तेरयादूरचा पेला

माझे सासरे सहादेव येळवंडे यांना जगातली कोणती एक गोष्ट ठाऊक नाही, हे शोधून काढायला मला चार वर्षं लागली. लग्न होऊन सोनईत आले तेव्हापासून बघते आहे, "मला ठाऊक नाही" हे तीन शब्द या माणसाच्या तोंडून निघत नाहीत. गायीची कास का सुजली, मोबाईल का तापतो, कोर्टात पुढचीच तारीख का पडते, काहीही विचारा, उत्तर तयार असतं. चुकीचं असलं तरी इतक्या ठाम आवाजात येतं की विचारणारा मान डोलावून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावतो. एकदा तर त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला आमच्याच माहेराचा जवळचा रस्ता समजावून सांगितला होता. भाऊ बिचारा त्या रस्त्यानं गेलाही आणि दोन तास उशिरा घरी पोचला.

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर मामांनी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला. घोडेगावच्या बाजारात कांदा भरायचा आणि सोलापूर, विजापूर, बेंगळुरू करत तमिळनाडूत नेऊन उतरवायचा. दहा वर्षांमागं गुडघ्यानं क्लच दाबायचं नाकारलं, तेव्हा ते ट्रकमधून उतरले आणि थेट गोठ्यात गेले. आता दोन गायी, डेअरीची किटली आणि पारावरची बैठक एवढाच त्यांचा पसारा आहे. पण तमिळनाडू काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. चहात साखर कमी पडली तरी त्यांना सेलमची आठवण येते.

त्यामुळं गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या चाळीस माणसांनी बस ठरवून तमिळनाडूला जायचं काढलं, तेव्हा मामांना मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. सहल काढणारे आबासाहेब गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. वही, शाई पेन आणि शिस्त या तीन गोष्टींशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. माझं स्टँडजवळ सेवा केंद्र आहे. सातबारा, आधार, झेरॉक्स, तिकिटं हे सगळं मीच करते, म्हणून गावांची यादी टाइप करायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. नऊ दिवसांत कोणती गावं बघायची आणि कोणती सोडायची, हे ठरवायला रविवारी सकाळी मारुतीच्या सभामंडपात सगळे जमले.

"मदुराई," गुरुजींनी वहीतून वाचलं.

"बाहेरनं बघा," मामा म्हणाले. "गोपुरं बायपासवरनंबी दिसत्यात. आत गाडी लावायला लई वनवास हाय."

"आपण देवीच्या दर्शनाला चाललोय सहादेवराव, गाडी लावायला नाही."

"दर्शन घ्या की. पर गाडी कुठं लावनार ती सांगा आधी."

मामांचं सगळं असंच असतं. गाव चांगलं की वाईट हे ते ट्रकच्या खिडकीतून ठरवतात. सावलीला गाडी उभी राहते का, अंघोळीला पाणी मिळतं का आणि हमाल माणुसकीनं बोलतात का, या तीन गोष्टी जमल्या की गाव बघण्यासारखं. त्रिची पास, दिंडीगल पास. दिंडीगलची कुलपं लई नामी, पण आपल्या शेजारी शिंगणापूर, तिथं घरांना दारंच नाहीत, तर कुलपं आणून लावणार कुठं, असं म्हणून त्यांनी ते स्वतःच कापलं. तंजावर मात्र बघाच म्हणाले. "तिथं आपलं मराठी बोलनारी मानसं हायेत. त्यांचं मराठी आपल्याला कळत न्हाई, आन आपलं त्यांना. पर बोलायला मजा येती."

करण नावाचा एक पोरगा मागून ओरडला, "ऊटी धरा की!"

"थंडीच बघायची ना तुला? मंग जानेवारीत पहाटं आमच्या मळ्यात गव्हाला पानी धर. ऊटीचा बाप हाय."

ऊटी गेली. मग मामांनी स्वतःहून नामक्कलचं नाव काढलं. तिथं काय आहे, असं गुरुजींनी विचारलं.

"निम्म्या देशाच्या ट्रकच्या बॉड्या तिथं बांधत्यात, गुरुजी!"

गुरुजींचं पेन कागदावर टेकून राहिलं. चाळीस माणसं, त्यात बावीस बायका, ट्रकच्या बॉड्या बघायला नेणारा हा माणूस आपण सल्लागार म्हणून का बोलावला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मामांनी ते ओळखलं. "आन एका दगडातला अठरा फुटी मारुतीबी हाय," त्यांनी जोडून दिलं. गल्लीतल्या भिमाबाईंनी बसल्या जागी हात जोडले आणि नामक्कल यादीत आलं. मारुती त्यांना ट्रकच्या बॉड्यांनंतर आठवला हे मी मात्र लक्षात ठेवलं.

मग कुणीतरी म्हणालं, "आन तेरयादूर? तेरयादूर ऱ्हायलं की!"

आणि सगळा सभामंडप हसून "व्हय व्हय" म्हणू लागला. कारण तेरयादूर आमच्या गल्लीत लहान पोरालाही पाठ आहे. गोष्ट १९९३ सालची. पावसाचे दिवस, तिकडं तमिळनाडूत दिवाळीच्या सुमारास पाऊस असतो. मामा आणि त्यांचे जोडीदार ड्रायव्हर आसाराम त्रिचीच्या पुढं कांदा घेऊन चालले होते. मोठ्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला म्हणून त्यांनी आडवाट धरली, आणि त्या आडवाटेवर मामांना ताप भरला. असा भरला की ते गाडीतच बरळायला लागले. एका गावाच्या वेशीवर माणसापेक्षा उंच मातीचे घोडे ओळीनं उभे होते आणि घोड्यांच्या पलीकडं चहाची टपरी होती. कांदा भिजत होता, थांबायला सवड नव्हती. टपरीवाल्या बाईनं खुणेनंच सांगितलं, याला इथं ठेव आणि तू जा. आसाराम गाडी घेऊन पुढं गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. चार दिवस त्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं मामांना पडवीत झोपवलं, काढा पाजला, भाताची पेज पाजली. निघताना आसारामनी गाडीत उरलेला अर्धी गोणी कांदा तिच्या दारात ठेवला, आणि तिनं एका स्टीलच्या पेल्यात पेज भरून, वर फडकं बांधून वाटेसाठी मामांच्या हातात दिली. आसाराम आता नाहीत. पेला आहे.

तो पेला आत्यांच्या देव्हाऱ्याशेजारी एकतीस वर्षं पालथा आहे. त्यात कधी कुणी पाणी प्यायलं नाही. दुसऱ्याचं भांडं आहे ते. आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मग नवऱ्याचा जीव ज्यातून परत आला ते भांडं आत्या वापरतील कशा? वर्षातून एकदा दिवाळीला त्या तो धुतात, पुसतात आणि परत पालथा घालतात.

तर हशा चालू असताना आत्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या सासूचं नाव लंकाबाई. चारचौघांत त्या बोलत नाहीत, त्यामुळं सगळे आपोआप गप्प झाले.

"तेरयादूर आसंल तर मी येनार," त्या म्हणाल्या. "त्या बाईचं भांडं मला माझ्या हातानं द्यायचंय. नसंल तर माझं नाव खोडा, गुरुजी."

एवढं बोलून त्या बसल्या. गुरुजींनी वहीत तेरयादूर लिहिलंसुद्धा. आणि तेवढ्यात मामा म्हणाले, "काय हाय तिथं बघन्यासारखं? खोडा ते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या गावाची गोष्ट सांगताना या माणसाचा चहा गार होतो, त्या गावात बघण्यासारखं काही नाही?

"रस्ता अरुंद हाय," मामा म्हणाले. "बस वळत न्हाई तिथं. आन पुलाचं काम चालू हाय."

"एकतीस वर्षांनंतर पुलाचं काम चालू आहे हे तुम्हाला कसं कळलं?" गुरुजींनी मास्तरकी सुरू केली. "अश्विनी, नकाशात काढ गं ते गाव."

मी मोबाईल काढला. तेरयादूर टाकलं, तिरयादूर टाकलं, त्रियादूर टाकलं. मोबाईलनं एकदा मला तिरुवारूर दाखवलं आणि एकदा थेट राहुरी. असं गाव कुठंच नव्हतं.

"म्हणजे गावच नाही?" गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण शाळेतल्या मुलाची चोरी पकडल्यासारखा सूर होता. मागून कुणीतरी टोला हाणला, "घोडंबी मातीचं आन गावबी मातीचं!" पुन्हा हशा झाला. दुसरा एकजण आत्यांकडं बघून म्हणाला, तिकडं दुसरा संसार असेल, म्हणून नको म्हणतायत.

मामा ताडकन उठले. "शिंगनापुरात घरांना दारं न्हाईत म्हनलं तर तिकडं मला येडा म्हनायचे. हितं घोड्यांवरनं येडा म्हनताय. खोटं बोलायला मी काय पुढारी हाय का?" चपला घालून ते निघून गेले.

आत्यांनी गुरुजींना स्वतःचं नाव खोडायला लावलं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पेनानं नावावर रेघ ओढली तेव्हा त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

मला मामांचा राग आला. खरंच आला. घरी आल्यावर आत्या त्यांच्यापुढं ताट ठेवायच्या आणि मुकाट आत जायच्या. भांडण झालं असतं तर बरं, ते तरी ऐकायची सवय आहे. माझा नवरा ओंकार सुप्याला कंपनीत आहे, आठवड्यानं येतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू पडू नको मधे." नवऱ्यांचा हा सल्ला मी कधी ऐकलेला नाही.

दोन दिवसांनी मेथी निवडताना आत्यांनीच विषय काढला. "तुला म्हनून सांगते, अश्विनी. हे बारा दिस आले न्हाईत. ना चिठ्ठी, ना फोन. ओंकार तीन महिन्याचा मांडीवर हुता. लोकं तोंडावर काय बोलायची न्हाईत, पर माझ्याकडं बघायची कशी, ते मला कळायचं. आन तेराव्या दिशी हे दारात. हातात त्यो पेला." त्यांनी काडी मोडली. "माझा संसार राखला त्या बाईनं. तिचं भांडं तेवढं द्यायचंय, दुसरं काय मागते मी?"

मी मेथीच निवडत राहिले.

त्याच आठवड्यात सेल्वराज माझ्या केंद्रात आला. तो त्रिचीचा, कांद्याचा व्यापारी. हंगामात घोडेगावला मुक्काम असतो आणि रेल्वेचं तिकीट काढायला माझ्याकडं येतो. हिंदी मोडकी, पण माणूस बोलका. मी त्याला विचारलं, तुमच्याकडं तेरयादूर नावाचं गाव कुठं आहे?

त्यानं मला तीनदा नाव घ्यायला लावलं. मग स्टुलावर बसला आणि हसू लागला. हसून झाल्यावर त्यानं चष्मा पुसला आणि मला समजावलं. तमिळमध्ये 'तेरियादु' म्हणजे 'ठाऊक नाही'. कुणी हिंदीत काही विचारलं आणि आपल्याला कळलं नाही की आपण काय म्हणणार? तेरियादु.

म्हणजे तापातून उठून मामांनी त्या बाईला हिंदीत विचारलं असणार, हे गाव कोणतं? आणि ती बिचारी म्हणाली असणार, ठाऊक नाही बाबा, तू काय बोलतोस ते. आणि हा माणूस त्याला तिकडच्या गावांसारखा 'र' जोडून ते नाव घेऊन बाराशे किलोमीटर परत आला, आणि एकतीस वर्षं अख्ख्या सोनईला सांगत बसला. ज्याच्या तोंडून "मला ठाऊक नाही" कधी निघत नाही, त्याच्या सगळ्यात लाडक्या गावाचं नावच 'ठाऊक नाही'!

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग आत्यांचं नाव खोडलेलं आठवलं आणि हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धार काढत होते तिथं मी गेले. "मामा, तेरियादु म्हणजे काय?"

त्यांचा हात थांबला. गाय वळून बघायला लागली.

"तुला कवा कळलं?"

"काल. तुम्हाला?"

"पुढच्याच साली. त्रिचीच्या मंडईत." ते खाली बघून म्हणाले. "हमालाला काय तरी इचारलं, त्यो म्हनला तेरियादु. मी म्हनलं, आरं, तू तिथला? तर समदी मंडई हसली. तवर हितं समद्यांना सांगून बसल्तो. तुझ्या सासूनं तर देवापुढं त्या गावाचं नाव घेऊन दिवा लावायला सुरवात केल्ती. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

"शोधलं नाही परत?"

"दोनदा गेल्तो त्या अंगाला. आसारामलाबी ती आडवाट पुन्ना घावली न्हाई. दर चार गावाआड मातीचं घोडं हाय तिकडं. कोन्त्या घोड्याला इचारू?" त्यांनी किटली बाजूला सरकवली. "त्या गावाचं नाव कुनालाच ठाऊक न्हाई, अश्विनी."

बघा, तरीही 'मला' म्हणाले नाहीत. पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यांनी गायीच्या पाठीवर थाप मारली. माझा राग तिथंच गोठ्यात गेला. आत्यांना सांगू नको, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

पुढं जे झालं ते मामांमुळं नाही आणि माझ्या मोबाईलमुळंही नाही. ते झालं भांड्यांमुळं. सहलीबरोबर आचारी जाणार होता आणि मोठी पातेली, डाव, ताटं घरोघरची गोळा करायची होती. आत्या येणार नव्हत्या, पण भांडी द्यायला त्यांची ना नव्हती. "फकस्त नाव बघून दे," त्या मला म्हणाल्या. "नाव न्हाई त्या भांड्याला पाय फुटत्यात."

मी मांडणीवरची भांडी एकेक करून उजेडात धरायला लागले. आपल्याकडं लग्नात भांडं देतात त्यावर मशीननं टिंब टिंब टोचून नाव घातलेलं असतं. 'चि. सौ. कां. लंका हिस मामाकडून, चांदे.' 'मावशीकडून सप्रेम भेट, कुकाणे.' आत्यांचे निम्मे नातेवाईक त्या मांडणीवर बसले होते. नाव बघत बघत मी देव्हाऱ्यापर्यंत आले आणि सवयीनं तो पेलाही उचलला. कडेखाली बारीक वेलबुट्टी होती. गोल गोल, वळणावळणाची.

"त्यो ठेव खाली. त्याच्यावर नाव न्हाई, नक्षी हाय," आत्या म्हणाल्या.

मी ठेवणारच होते. पण ती वेलबुट्टी टिंबांची होती. मशीननं टोचलेली, अगदी 'मामाकडून, चांदे' सारखी. नक्षी असती तर पेल्याभोवती फिरली असती. ही चार बोटं जाऊन थांबली होती.

"आत्या," मी म्हणाले, "हे नाव आहे."

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला. एकतीस दिवाळ्या त्यांनी त्या अक्षरांवरून बोटं फिरवली होती आणि ती अक्षरं आहेत हे आमच्या घरात कुणाला कळलं नव्हतं. माझ्याही डोळ्यांसमोर चार वर्षं तो पेला होता, आणि मी दिवसभर लोकांची कागदपत्रं वाचून देते! मी फोटो काढला, सेल्वराजला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. अळगम्मा, पूवनकुडी. पहिलं त्या बाईचं नाव आणि दुसरं गावाचं. पुदुकोट्टईपासून अर्ध्या तासावर आहे, मोठ्या रस्त्यापासून आत, तो म्हणाला. बाई आहे की नाही, ते मात्र जाऊनच बघावं लागेल.

मामा दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"पूवनकुडी," आत्या सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. आठवड्यात पहिल्यांदा. "आन तेरयादूर?"

"त्ये जुनं नाव," मामा म्हणाले. "गावांची नावं बदलत्यात की. आपल्या नगरचं न्हाई का बदललं?"

असा हा माणूस! मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

पुढच्या बैठकीत मी नकाशा दाखवला आणि गुरुजींनी आत्यांचं नाव पुन्हा लिहिलं. पूवनकुडीसाठी अर्धा दिवस काढायचा होता, त्यासाठी काय सोडायचं यावर तासभर वाद झाला. शेवटी मामांनीच नामक्कल सोडलं. मारुतीसाठी भिमाबाई हळहळल्या आणि ट्रकच्या बॉड्यांसाठी मामा. पण सोडलं.

जानेवारीत आम्ही निघालो. रामेश्वर झालं, मदुराई आतून झाली, आणि गाडी लावायला खरंच जागा मिळाली नाही, ते मामांनी प्रत्येकाला दोनदा ऐकवलं. पुदुकोट्टई सोडल्यावर मात्र ते बोलायचे थांबले आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर काचेला नाक लावून बसले. आत्यांच्या मांडीवर पेला होता. आमच्या गावच्या कारखान्याची साखर त्यात काठोकाठ भरून त्यांनी वर फडकं बांधलं होतं.

झाडाखाली घोडे दिसले. मातीचे, रंग उडालेले, माणसापेक्षा उंच, ओळीनं उभे. गुरुजी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सहादेवराव, मी चुकलो." मामांनी ऐकलं नाही. बस थांबायच्या आत ते उतरले होते.

टपरी राहिली नव्हती, तिथं मोबाईलचं दुकान होतं. मामांनी पुढं होऊन हात हलवत बरंच काही सांगितलं, त्यातला 'वेंगायम' म्हणजे कांदा एवढाच शब्द तमिळ असावा. दुकानदाराला काही उमगलं नाही. मग आत्यांनी गुपचूप पेला पुढं केला. शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीनं त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि तीन-चार जणांनी एकदमच एका घराकडं बोट दाखवलं.

पडवीत एक म्हातारी बाई सुपात बारके कांदे निवडत बसली होती. चाळीस माणसं अंगणात आलेली बघून ती घाबरून उठली. आत्यांनी फडकं सोडलं आणि साखरेनं भरलेला पेला दोन्ही हातांनी तिला दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग वर बघितलं. गर्दीतून तिची नजर फिरत फिरत मामांवर आली आणि थांबली.

"वेंगायम?" ती म्हणाली.

आम्ही तिच्या गावाला 'ठाऊक नाही' म्हणत होतो आणि ती माझ्या सासऱ्यांना इतकी वर्षं 'कांदा' म्हणत होती. मामांनी जोरजोरानं मान हलवली. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि ती बाई रडायलाच लागली. आम्हीही रडलो, कशाला खोटं बोलू.

मग डोळे पुसून तिनं मामांना काहीतरी विचारलं. लांबलचक, एका दमात, त्यांच्या तोंडाकडं बघत. चाळीस माणसं मामांकडं वळली. अठ्ठावीस वर्षं तमिळनाडू कोळून प्यायलेला माणूस! मला खात्री होती, आता काहीतरी ठोकून देणार.

मामांनी एकदा आत्यांकडं बघितलं. मग त्या बाईकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "तेरियादु."

"काय म्हनाले?" आत्यांनी विचारलं.

"मला ठाऊक न्हाई, असं म्हनलो."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. तो शब्द त्यांनी मनात फिरवला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "म्हंजी तेरयादूर..."

"व्हय," मामा म्हणाले. "तवाबी मला ठाऊक नव्हतं, लंका."

आत्या हसल्या. आधी नुसत्या ओठांत, मग पदर तोंडाला लावून, मग तोही सोडून. तेवढ्यात त्या बाईनं आपला तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि विचारता विचारता उलटा हात स्वतःच्या कपाळाला लावला.

"मला ठाऊक हाय ती काय इचारती," आत्या म्हणाल्या. पुढं होऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि आपल्या सोनईच्या मराठीत तिला सांगितलं, "न्हाई बाई. पुन्ना कवाच न्हाई आला ताप."

अळगम्मानं मान डोलावली. तिला सगळं कळलं होतं.